खाडा

त्या शुक्रवारी तपासणी होती.
पटावर अठ्ठेचाळीस,
म्हणून बाकांवरही अठ्ठेचाळीसच हवे होते.
नागमणी म्याकल डोळे चोळत आली, खोकत,
कपाळ तव्यासारखं.
मी तिला खिडकीशी बसवलं, म्हटलं,
दुपारपर्यंत दम धर, बाळ.
तिनं धरला.
साहेबांना फळ्यावरची रांगोळी आवडली.
शेरेवहीत लिहून गेले : उपस्थिती उत्तम.

सोमवारी प्रार्थनेच्या रांगेत
तिच्या कानामागे लाल पुरळ दिसलं.
घरी पाठवलं. मग दहा दिवस काहीच नाही.
अकराव्या दिवशी, तिसरी अ मध्येच,
सात खाडे.

भद्रावती पेठेत खाडा म्हणजे काय ते पोरांनाही कळतं.
कारखान्यात बापाचा पडतो, चादरीचे पैसे कापतात.
आईचा पडतो, हजार विड्या राहतात.
हजेरीपटावर पडला तर कुणाचं काय कापलं जातं,
हे डी.एड.ला शिकवलं नव्हतं.

मलम्मानं पाण्याचा हौद घासायला घेतला.
पाणी पाचव्या दिवशी येतं, आणि ही ओततेय.
अगं, गोवर पाण्यातून येत नाही, म्हटलं.
माहीतंय की, म्हणाली,
हात गप बसंनात.

आम्ही प्रार्थना बंद केली. गंजलेल्या खिडक्या
लाथा घालून उघडल्या.
अर्धा वर्ग व्हरांड्यात, अर्धा लिंबाखाली,
खिचडी ज्याच्या त्याच्या जागेवर.
चौथीतला जुबेर विचारायचा, बाई, सुट्टी का नाही देत?
सुट्टी दिली तर तुम्ही सगळे
एकाच दहा बाय दहाच्या खोलीत गोट्या खेळाल,
हे त्याला कसं सांगू?

दुपारी परवीन सिस्टरबरोबर दारोदार.
तिच्या खांद्याला निळा डबा, डब्यात बर्फ,
मार्चच्या उन्हात त्या बर्फाची आम्हाला
लेकरापेक्षा जास्त काळजी.
कार्ड कुठंय? ट्रंकेत असेल.
दुसरा डोस? तेव्हा आम्ही गावाला, तेलंगणात.
मागाच्या खटखटीत सगळं दोनदा ओरडून विचारायचं,
उत्तर ओठांवरून वाचायचं.

म्याकलांच्या आजीनं उंबरा अडवला.
अम्मवारु आलीय घरात. सुई नको, डॉक्टर नको.
हातात लिंबाचा डहाळा.
सिस्टर बोलायला लागली, मी तिचा हात दाबला.
बांधा, म्हटलं. पण आत नको, दारावर बांधा,
रस्त्यावरून दिसेल असा.
डहाळा आहे तोवर बाहेरचं पोर आत नाही,
आतलं बाहेर नाही.
आणि औषधाचा चमचा तेवढा देऊ द्या.
म्हातारी बघत राहिली माझ्याकडे.
मग स्वतःच म्हणाली,
खरंय. देवीला गर्दी चालत नाही.

त्या आठवड्यात गल्लीत अकरा डहाळे मोजले.
वाळले तसे उतरले.
पुढच्या पंधरवड्यात दोन. मग एकही नाही.
आता कुणाचं अंग नुसतं कोमट लागलं
तरी मीच घरी पोचवते, मीच खाडा मांडते.
साहेबांचं पत्र आलंय, उपस्थितीबद्दल.
असू दे.

नागमणी आली. आधी खोडरबर शोधलं,
मग बेचा पाढा विसरले म्हणून रडली.
तिचा भाऊ आठ महिन्यांचा. लस नवव्या महिन्यात.
तो बारा दिवस सिव्हिलला होता.

काल गेले होते बघायला.
आई मांडीवर सूप घेऊन, कात्रीनं पान कापत,
बाळ शेजारी गोधडीवर.
आता छान झोपतो बघा बाई, म्हणाली,
माग सुरू झाला तरी हलत नाही.
आधी किती दचकायचा.

शुक्रवारचं मी तिला अजून सांगितलेलं नाही.

बाळ जागाच होतं. पंख्याकडे बघत होतं.
मी त्याच्या मागे जाऊन टाळी वाजवली.
मग पुन्हा, जरा जोरात.
तिला वाटलं, मी खेळवतेय.
हसली,
कात्री खाली ठेवली,
आणि तिनंही वाजवली.